पडणारा पैलवान

धुळा गडदे पडायचा तेव्हा सगळ्या तंबूला ऐकू जायचं. फळ्यांवर पाठ आपटल्याचा असा दणका उठायचा की पुढच्या बाया तोंडावर पदर घ्यायच्या आणि मागचे लोक बाकांवर उभे राहायचे. मग धुळा लोळत लोळत दोराला धरायचा, तोंड वासायचा, आणि मी कर्ण्यावरून ओरडायचो, "पाहा, पाहा मंडळी! काबूलचा शेर घायाळ झाला!" काबूलचा शेर म्हणजे आमचा धुळा. जत तालुक्यात कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या बिरुवाडीचा, धनगराचा, मेंढरांमागं वाढलेला. काबूल कुठल्या दिशेला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

ही गोष्ट सांगायला लागलो की लोक डोळे मिचकावतात. "म्हणजे सगळं खोटंच की, भाऊसो!" म्हणतात. मला राग येतो. खोटं काय होतं? फळ्या खऱ्या होत्या, पाठ खरी होती, दुखायचं तेही खरंच. कोण पडणार एवढं फक्त आधी ठरलेलं असायचं. नाटकात रोज मरणाऱ्या नटाला कुणी खोटारडा म्हणत नाही, उलट त्याला हार घालतात. पैलवानाला मात्र म्हणतात, आणि आमच्या सातारा-सांगलीकडं तर जरा जास्तच म्हणतात.

त्यालाही कारण आहे. माझं वडूजला लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, जत्रा, निवडणूक, जे येईल ते. पण माझा जीव कुस्तीच्या मैदानात. कुठं मैदान भरलं की पुकारा करायला मला बोलावणं यायचं. आमची कुस्ती सरळ होती. दोन गडी मातीत उतरले, हलगी कडाडली, आणि एकाची पाठ मातीला लागली की खेळ खलास. मोजणं नाही, पुन्हा उठणं नाही. जिंकलेल्याला लोक खांद्यावर घ्यायचे, त्याचा वस्ताद फेटा बांधायचा, आणि हरलेला मुकाट्यानं अंग पुसत गर्दीत मिसळायचा.

पुढं मैदानाला तिकीट लागलं आणि ठेकेदार आले. तिकीट काढून आलेल्या माणसाला मोठी कुस्ती चटकन संपलेली चालत नाही. मग पैलवान तास तास नुसते मानेवर हात टाकून झुलत राहायचे आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवायचे. लोक चवताळून ओरडायचे, "नुरा! नुरा!" नुरा म्हणजे आतून ठरवलेली कुस्ती. आमच्याकडं पैलवानाला याहून मोठी शिवी नव्हती. आईवरून दिलेली शिवी एकवेळ ऐकून घेतील, ही नाही.

जतच्या तालमीचे आकाराम वस्ताद तर या बाबतीत आगच होते. ते म्हणायचे, "हरून या, हात मोडून या, माजी तालीम हाय. पर ठरवून पडला त्येला हौदा बंद." हौदा म्हणजे तालमीतली मातीची खोलगट जागा, जिथं पैलवान घडतात. हे नुसतं बोलणं नव्हतं. एका जत्रेत त्यांचा सख्खा पुतण्या पैसे घेऊन पडला, तर वस्तादांनी त्याला तालमीचा उंबरा पुन्हा ओलांडू दिला नाही. पुतण्याच्या आईनं पदर पसरला तरी नाही. मला त्या माणसाची भीती वाटायची.

धुळा या वस्तादांचा सगळ्यात लाडका चेला. वस्तादांनी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दोन मेंढरं दोन बगलांत घेऊन ओढा ओलांडत होता. "मेंढरं ठिवून ये," एवढंच म्हणाले म्हणे. त्याच्या बापाकडं स्वतः जाऊन त्यांनी पोरगं मागून आणलं. धुळा बोलायला गरीब आणि मातीत उतरला की ऐकायचा नाही. म्हसवडच्या रथाच्या जत्रेत त्यानं एका नावाजलेल्या गड्याला ढाकेचा डाव लावून असा उलथवला की मी पुकारा करायचं विसरलो आणि कर्ण्यावरून नुसताच "आयला!" म्हणालो.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. माण, खटाव, जत, आमचा सगळा पूर्व भाग करपला. लोक खडी फोडायला गेले. जत्रा झाल्या त्या देवापुरत्या, मैदानं इनामाऐवजी नुसत्या नारळावर आली. दूध नाही, बदाम नाही, ज्वारीची भाकरी नाही, तिथं पैलवान जोर काढणार कशाच्या जिवावर? तालमी ओस पडल्या. धुळ्याची मेंढरं चाऱ्यावाचून गेली. लग्नं लांबली म्हणून माझे कर्णेही पोत्यात बांधून पडले होते.

त्याच वेळी मिरजेचे ठेकेदार लालासाहेब भेटले. मुंबईकडच्या धर्तीवर त्यांनी फ्री स्टाईल कुस्तीची कंपनी काढली होती. पिंपांवर फळ्या टाकून केलेला उंच चौथरा, चारी बाजूंनी दोर, दोन पैलवानांच्या तोंडावर बुरखे, आणि पंचानं "एक, दोन, तीन" मोजायचं. तीन मोजेपर्यंत पाठ टेकलेली राहिली तरच हार. त्यांना पुकारा करायला आवाज हवा होता, म्हणून मी गेलो. आणि पडायला गडी हवे होते, म्हणून मी धुळ्याला घेऊन गेलो. "पोटभर दूध मिळंल का?" एवढंच त्यानं विचारलं.

जिंकायला पैलवान ढिगानं मिळतात, नीट पडणारा मिळत नाही, असं लालासाहेब म्हणायचे. धुळ्याला पडायला शिकवलं मानसिंगनं. हा कऱ्हाडकडचा, घरचा ऊस असलेला, पण धाकटी पाती म्हणून फौजेत गेलेला गडी. पासष्टच्या लढाईत उजवा खांदा जायबंदी होऊन आला. घरी बसवेना म्हणून कंपनीत 'कॅप्टन मानसिंग' झाला. वयानं चाळिशीला आलेला, मिशा मात्र झोकदार.

"हे बग धुळा," मानसिंगनं पहिल्या दिवशी सांगितलं, "हनुवटी छातीला लाव, तळवं फळीवर आपट, म्हंजी आवाज हाताचा आन पाठ शाबूत. आन तू मला उचललंस, तर एक हात माज्या डोक्याखाली पायजे. पडनाऱ्याचं डोस्कं पाडनाऱ्याच्या सोबतीला असतंय. त्यो हात इसरलास तर बगायला बी लोक हायत आन खांदा द्यायला बी हायत."

धुळा हसला. म्हणाला, "मेंढरू खांद्यावरनं उतरवताना आमी हेच करतुया."

असा तो काबूलचा शेर झाला, कधी काळा पहाड झाला, कधी नुसता 'बुरखेवाला'. सोलापूर, बेळगाव, हुबळी, बार्शी, जिथं गेलो तिथं धुळा पडला. दुष्काळ सरला, पाऊस झाला, तरी तो पडतच राहिला, कारण घरी नवी मेंढरं उभी करायची होती. बिरुवाडीत सांगितलेलं एवढंच, की धुळा कंपनीत कुस्ती खेळतो. बुरख्याआडचा माणूस कोण हे कुणाला कळणार? एकट्या त्याच्या बायकोला, बयाबाईला कळलं होतं. तो घरी गेला की ती त्याच्या अंगाला तेल लावायची. जिंकणाऱ्याची छाती नि गुडघे सोलवटलेले असतात, पाठ नाही. धुळ्याची सगळी पाठ निळीजांभळी. तिनं विचारलं काही नाही. ते त्याला जास्त लागायचं, असं तो मला म्हणाला होता.

पंचाहत्तर साल उजाडलं आणि लालासाहेबांनी सांगलीला तंबू टाकायचं ठरवलं. मागचा सगळा पावसाळा कंपनीनं जवळजवळ बसून काढला होता. सांगली भरली नाही तर कंपनी मोडणार हे आचाऱ्यापासून दोर बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हळदीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, घाटावर जाहिराती लागल्या. त्यातली एक धुळ्यानं पाहिली आणि तिथंच उभा राहिला. 'जतचा ढाण्या वाघ धुळा गडदे विरुद्ध कॅप्टन मानसिंग.' बुरखा नाही. स्वतःचं नाव, स्वतःचं तोंड.

तो तडक लालासाहेबांकडं गेला. मी तिथंच पान खात बसलो होतो.

"लालासाब, मला बुरखा द्या."

"आपल्या मुलखात बुरखा?" लालासाहेब हसले. "अरे, जत, कवठ्यापासून लोक तुझं तोंड बघायला येणार आहेत."

"मग सरळ लढतो. दुसरा कुनीबी गडी द्या. खरी कुस्ती."

"आणि जिंकलास तर?" लालासाहेब पुढं सरकले. "जिंकलेला गडी बघायला लोक एकदा येतात, धुळा. आपला गडी अन्यायानं हरला, तर त्याचा सूड बघायला सगळा गाव घेऊन परत येतात. लोकांना निकाल नको असतो, पुढच्या महिन्याची ओढ हवी असते. आधी तू मानसिंगला पाडायचं, दोन मोजेपर्यंत तो उठेल. मग झटापट. मग तो मुठीत लपवलेली माती डोळ्यात फेकेल आणि तुझी पाठ टेकेल. पुढच्या महिन्यात तू सूड घ्यायचा. ठरलं."

माणूस वाईट नव्हता. धंदा त्याला कळत होता इतकंच.

धुळा बाहेर येऊन पिंपावर बसला. मला म्हणाला, "भाऊसो, वस्ताद येनार हायत."

मग सगळं बाहेर आलं. वस्तादांचे गुडघे गेले होते. येत्या नागपंचमीला तालीम कुणाच्या हाती द्यायची हे ते ठरवणार होते, आणि त्यांच्या मनात धुळाच होता. "आदी पोराला येकदा बगतो," असा निरोप पाठवून ते बिरुवाडीची माणसं घेऊन सांगलीला येणार होते. धुळ्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या हौद्यात उतरायचं, सकाळी पोरांकडून जोर काढून घ्यायचे, माती उकरायची. कंपनीत पडताना तो डोळ्यासमोर तेवढंच आणत असे.

मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "असा पड की वस्तादांनाही खरं वाटावं."

"खरा हरलो तर वस्ताद कानाखाली मारतील आन आत घेतील. ठरवून पडलो तर मारनार बी न्हाईत. आन पडलो न्हाई तर कंपनी उपाशी. मानसिंगदादांनी ह्या खांद्यानं आता कुटं जायचं?"

मला त्याची दया आली, आणि त्याला या धंद्यात मीच आणला म्हणून स्वतःचा जरा रागही आला. बाकी लालासाहेबांनी लिहून दिलेलं कर्ण्यावरून बोलणं हे माझं काम.

कुस्तीच्या दिवशी संध्याकाळी तंबू असा भरला की कनातीच्या दोऱ्या सोडाव्या लागल्या. बिरुवाडीची मंडळी चौथऱ्याला खेटून बसलेली. पिवळी मुंडाशी, घोंगड्या, आणि मधोमध हलगीवाला. त्याला कंपनीनं बोलावलं नव्हतं. कुस्ती आहे म्हटल्यावर तो आपोआप आलेला. दोघांच्या आधारानं आकाराम वस्ताद आले आणि खुर्चीवर बसले. मांडीवर घडी घातलेला गुलाबी फेटा. बयाबाई बायांच्या बाजूला, चौथऱ्याकडं न बघता जमिनीकडं बघत बसलेली. पलीकडं कऱ्हाडकडची मंडळी आपल्या कॅप्टनसाठी आलेली.

धुळा चढला. फळ्यांना हात लावून त्यानं कपाळाला लावला. तिथं माती नव्हती, पण सवय जाईना. मग वस्तादांकडं बघून हात जोडले. वस्तादांनी नुसती मान हलवली.

कुस्ती सुरू झाली. हलगी वाजायला लागली आणि दोघांच्याही अंगात काही वेगळंच आलं. मानसिंगनं पट काढायला, म्हणजे पाय धरायला, झेप घेतली, धुळ्यानं त्याला बगलेत धरला, कमरेवर घेतला, आणि तीच म्हसवडची ढाक. मानसिंग हवेत उलटा झाला आणि फळ्यांवर असा आदळला की पिंपं वाजली. ठरल्याप्रमाणं पाठ टेकली. ठरल्याप्रमाणं पंचानं बोट वर केलं, "एक!"

आणि बिरुवाडी उठली.

त्यांच्या लेखी कुस्ती संपली होती. पाठ लागली, आभाळ दिसलं, झालं. हलगीवाल्यानं जिंकल्याचा ठेका धरला, पाच-पन्नास माणसं दोरांवरून, दोरांखालून चौथऱ्यावर चढली, आणि पंच "दोन" म्हणायच्या आत धुळा त्यांच्या खांद्यावर होता. घोंगड्या उडायला लागल्या. मी जीव तोडून ओरडलो, "मंडळी, खाली उतरा! कुस्ती अजून बाकी आहे! तीन मोजायचे आहेत!"

एका म्हाताऱ्यानं वळून मला झापलं, "पाट लागली की, भाड्या! मोजतोस काय? मेंढरं हायत व्हय?"

सगळा तंबू हसला आणि मग सगळा तंबू नाचायला लागला. मी लालासाहेबांकडं पाहिलं. आता अडवलं तर कनाती पेटवतील हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी मला खूण केली. मी कर्ण्यावरून सांगितलं, "विजयी, जतचा ढाण्या वाघ, धुळा गडदे!"

मला क्षणभर इतका आनंद झाला की काय सांगू. त्या भाबड्या माणसांच्या चुकीनं धुळा सुटला होता. त्याला पडावं लागलं नव्हतं. वस्तादांसमोर, गावासमोर तो जिंकला होता, आणि खरं काय ते जाणणारे आम्ही मूठभर, आम्ही कशाला बोलतोय?

आणि मानसिंग उठला नाही. तो सहज उठू शकला असता, तसं ठरलंच होतं. त्यानं धुळ्याला खांद्यावर पाहिलं, वस्तादांचा फेटा पाहिला, आणि फळीवर तसाच उताणा पडून राहिला. मी जवळच होतो. पुटपुटला, "असू दे. घे, लेका."

पण जिंकलेल्याच्या गावाला भान नसतं. कुणीतरी मानसिंगची फौजी टोपी पायानं उडवली. "मिल्टरी पडली रं, दोन मिंटात पडली!" असा ओरडा झाला. कऱ्हाडची मंडळी माना खाली घालून उठायला लागली. त्यांतल्या एकानं "नाक कापलंस, मानसिंगा," म्हटलेलं मी ऐकलं. मानसिंगनं डोळे मिटून घेतले. धुळा वरून हे सगळं बघत होता.

वस्तादांना चौथऱ्यावर आणलं. हलगी थांबली. धुळ्याला त्यांच्यासमोर उतरवला. म्हाताऱ्यानं फेट्याची घडी मोडली आणि हात वर केले. धुळ्यानं ते हात मधेच धरले.

"बांदू नगा वस्ताद." तो इतक्या हळू बोलला की शेजारी असलेल्या मला, मानसिंगला आणि वस्तादांनाच ऐकू गेलं. "दादा पडलं न्हाईत. त्यांनी मला पाडू दिलं. ठरल्यालं व्हतं. म्होरं म्या पडनार व्हतो. लय सालं झाली, म्या पडतोच हाय."

मला वाटलं, मूर्खा, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं!

"ठावं हाय मला," वस्ताद म्हणाले.

धुळ्यानं धरलेले हात सोडले.

"ढाक मारलीस तवा तुजा डावा हात त्येच्या डोस्क्याखाली गेला. येवढी गर्दी बगत व्हती त्येला पाडताना, म्या त्यो हात बगत व्हतो. खरा पाडनारा डोस्क्याखाली हात घालत न्हाई, धुळा. म्या तुला ते शिकिवल्यालं न्हाई." त्यांनी फेटा धुळ्याच्या हातात दिला. "ह्यो तुजा न्हवं. ज्यानं पडून ऱ्हाऊन तुला उबा ठिवला, त्येच्या डोस्क्याला बांद."

धुळा खाली वाकला. मानसिंगला हात देऊन उठवला, त्याची टोपी आणून झटकली आणि बाजूला ठेवली, आणि त्याच्या डोक्याला तो गुलाबी फेटा स्वतः बांधला. मानसिंग "नगं रं, नगं" म्हणत होता आणि त्याच्या मिशा भिजत होत्या. लोकांना आतलं काही माहीत नव्हतं. जिंकलेल्यानं हरलेल्याला फेटा बांधला एवढंच त्यांना दिसलं. आधी कऱ्हाडवाले मागं फिरले, आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा मी माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही मैदानात ऐकला नाही.

त्या टाळ्यांतच वस्ताद म्हणाले, "तुला हौदा बंद, धुळा. माजा शबूद समद्यास्नी येकच."

"व्हय वस्ताद," धुळा म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

लालासाहेब मला मागं ओढून नेऊन म्हणाले, "भाऊसो, काय शेवट केला त्या पोरानं! मला जन्मात सुचला नसता. पुढच्या महिन्यात हाच ठेवायचा, फेट्यासकट!" मी आयुष्यात त्यांना उलट बोललो नव्हतो, पण त्या दिवशी मी त्यांना म्हणालो की तुम्ही माणूस आहात का कोण आहात. त्यांना माझ्या रागाचं कारण कळलं नाही. तंबू पुढंही भरत राहिला, कंपनी तरली, मानसिंगनं आणखी काही वर्षं काढली. धुळा मात्र दुसऱ्याच दिवशी बोचकं घेऊन निघाला. एसटीत बयाबाई त्याला म्हणाली, "आता पाट तरी भरून निगंल." तेवढ्या वर्षांत त्यावर ती बोललेली हे पहिलंच वाक्य.

नागपंचमीला मी आणि मानसिंग मुद्दाम जतला गेलो. त्या दिवशी तालमीतली जुनी माती काढून टाकतात आणि नवी भरतात. तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून मळायची. मोठा सोहळा असतो. धुळा आला होता. पाट्या भरभरून नवी माती उंबऱ्यापर्यंत आणत होता आणि तिथून दुसऱ्याच्या हातात देत होता. पाय कुठं आत पडला नाही. वस्ताद दाराशी खाटेवर बसले होते. तालीम त्यांनी दुसऱ्या एका चेल्याला दिली होती. धुळ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, पण धुळ्याच्या डोळ्यांकडं मला बघवेना.

आतल्या पोरांनी जुनी माती पाट्यांत भरली आणि विचारलं, "वस्ताद, ही वढ्यात टाकू?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "त्या लिंबाखाली पसरा. चांगली गुडगाभर."

तालमीसमोर, उंबऱ्याच्या बाहेर, एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पाट्या तिकडं ओतायला लागली. कितीतरी वर्षांचं ताक, तेल आणि घाम मुरलेली ती काळसर तांबडी माती सावलीत पसरत गेली. ढीग सपाट झाला तेव्हा वस्तादांनी धुळ्याला जवळ बोलावलं.

"आत तुला बंद हाय," ते म्हणाले. "भायेरचं म्या कवा कायबी बोललो न्हवतो. बारकी पोरं घे. पडायला शिकीव. पयल्यांदा पडायलाच शिकाय पायजे, ते माज्याकडनं ऱ्हायलं."

धुळा त्या मातीत गुडघ्यावर बसला. मूठभर माती कपाळाला लावली आणि ढसाढसा रडला. मानसिंग रडला, मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

अठ्ठ्याहत्तरला वस्ताद गेले. लोक धुळ्याला म्हणाले, आता ये आत, आता कोण अडवतंय? तो म्हणाला, "वस्ताद गेलं. शबूद हितंच हाय की." तो लिंबाखालीच राहिला आणि बारकी पोरं त्याच्याकडंच यायची. मी आता पुन्हा जत्रांच्या मैदानात पुकारा करतो. एखादं पोरगं समोरच्याला उचलून आपटतं आणि आपटताना त्याचा डावा हात हळूच समोरच्याच्या डोक्याखाली जातो. त्यात क्षणभर वेळ मोडतो, कधी कधी हातची कुस्ती जाते, बाकीचे वस्ताद या सवयीला नावं ठेवतात. मला मात्र गाव विचारावं लागत नाही. मी कर्ण्यावरून सांगून टाकतो, "हा जतचा, लिंबाखालचा."